पंचफुलाचा काठोकाठ गिलास

जामच्या चौफुलीवर चार दिशांचे रस्ते येऊन मिळतात. नागपूरचा वरून येतो, हैदराबादचा हिंगणघाटावरून खाली उतरतो, एक चंद्रपूरकडे फुटतो, आणि एक सावकाश चालणारा रस्ता समुद्रपुरावरून गिरडच्या टेकडीकडे निघतो. दिवसभर ट्रक, ट्रॅव्हल्स, एसट्या, कापसाच्या गाड्या. या गर्दीला जरा मागे टाकून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं, की नत्थूजीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक डेरेदार कडुलिंब लागतो. त्या लिंबाखाली पंचफुलाचा ठेला आहे. तिच्या हातचा गिलास ज्यानं घेतला नाही, त्यानं जाम पाहिलं असं मी मानत नाही.

पंचफुला मूळची देवळीकडची. लग्न होऊन इकडे आली. नवरा ट्रकवर होता. एका खेपेला हैदराबादच्या वाटेवर त्याची छाती दुखली आणि तो परत आला नाही. पोरगा अनुप तेव्हा नुकता धरून धरून उभा राहत होता. बाई कापूस वेचायला गेली, सोयाबीन सोंगायला गेली, आणि शेवटी नत्थूजीला विचारून तिनं या धुऱ्यावर चहाची शेगडी मांडली. तेव्हा लिंब तिच्या कमरेइतका होता. धुणंभांडं झालेलं पाणी ती त्याच्या बुडाशी ओतत गेली. लिंब वाढला, अनुप वाढला, आणि दोघांच्या सावलीत ठेला स्थिरावला. लिंबाला खिळा नको म्हणून बाबासाहेबांचा फोटो तिनं बुंध्याला सुतळीनं बांधला. तो अजून तसाच आहे. सुतळी तेवढी बदलते.

तिचा स्वभाव एकच सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. सांगितलेली गोष्ट ती तंतोतंत करते. एकदा डॉक्टरनं ‘जेवणानंतर गोळी’ असं सांगितलं. त्या दिवशी कामात जेवण राहून गेलं, तर ती संध्याकाळपर्यंत गोळी मुठीत धरून फिरली. ताप चढला, पण गोळी तोंडात गेली नाही.

अनुप मोठा होऊन नागपूरच्या एका हॉटेलात लागला. गावात ‘हॉटेल लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगितलं जाई. खरं काम असं, की दारूत फळांचे रस, सोडा, पाक मिसळून पेयं बनवायची. त्याला कॉकटेल म्हणतात. पोराच्या हाताला चव होती. मग लॉकडाऊन लागलं, हॉटेलाला कुलूप पडलं आणि अनुप घरी आला. पण त्याचा हात स्वस्थ बसेना. आईच्या स्टीलच्या डब्यात तो संत्र्याचा रस घाली, अंबाडीच्या लाल बोंडांचा अर्क घाली, कवठाचा गर, जांभळाचा पाक, आलं, पुदिना, काळं मीठ घाली, झाकण दाबून डबा कानाशी खळखळ हलवी आणि गिलासात ओती. वरून सोडा. सगळं हॉटेलातल्यासारखं. फक्त गिलास भरायचा नाही. वर दोन बोटं मोकळी सोडायचा.

“हे दोन बोटं रिकामं काऊन रे?” पंचफुलानं विचारलं.

“तिथं दारू येते, आई. आपल्या जिल्ह्यात बंदी हाय ना, म्हणून तेवढं रिकामं.”

अनुपच्या आज्याच्या काळापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. ती कशी पाळली जाते, हा विषय वेगळा. पण पंचफुलानं पोराचं बोलणं ऐकलं आणि गोळीसारखं मुठीत धरलं.

हॉटेल उघडलं, अनुप नागपूरला गेला, डबा मागे राहिला. आईनं ती पेयं ठेल्यावर विकायला ठेवली. झाकणाचे पारदर्शक गिलास आणले, नळी आणली, बर्फाचा डबा आणला. आणि स्वतःच्या मनानं एक नियम बसवला. गिऱ्हाईक आलं की ती पहिल्यांदा विचारायची, “कोणीकडे चालले?”

नागपूरकडे चाललेल्याला दोन बोटं कमी. तिकडे दारू चालते, तर त्या माणसाच्या दारूला वाव ठेवणं आपलं काम. हिंगणघाटला किंवा गिरडला चाललेल्याला काठोकाठ. इकडे बंदी आहे, मग रिकामं कशासाठी? वाव ठेवणं म्हणजे कायदा मोडायला शिकवणं. सुरुवातीला चंद्रपूरवाल्यालाही ती काठोकाठ देई, कारण तिथंही बंदी होती. मग एक दिवस अनुपचा फोन आला, “आई, चंद्रपूरची बंदी उठली.” तिनं समोरच्या चंद्रपूरवाल्याच्या हातातला गिलास परत घेतला, दोन बोटं कमी केला आणि म्हणाली, “आता घ्या.” त्या माणसाला वाटलं आपलं काही चुकलं.

गडचिरोलीच्या एका गुरुजींनी मात्र तिला घाम फोडला. गडचिरोलीत बंदी, पण वाट चंद्रपुरावरून. ती बराच वेळ डबा हातात घेऊन उभी राहिली. शेवटी दोन बोटं कमी दिला आणि सोबत पाण्याचा पाऊच दिला. “चंद्रपूरभर रिकामं राहू द्या गुरुजी. तुमच्या जिल्ह्याची हद्द लागाच्या आधी पाण्यानं भरून घेजा.”

एक कीर्तनकार बुवा नागपूरला निघाले होते. कमी भरलेला गिलास पाहून भडकले. “बाई, मी माळकरी माणूस आहे!”

“तुमी माळकरी असान महाराज,” पंचफुला म्हणाली, “नागपूर नाई ना.”

त्या रिकाम्या जागेत कोणी काय ओतलं, ओतलं की नाही, याच्याशी तिला काही करायचं नव्हतं. ती स्वतः दारूच्या वाऱ्याला उभी राहत नसे. कायदा जसा बदलेल तसा गिलास बदलायचा, एवढंच तिला ठाऊक.

आता नत्थूजी. वावर त्याचं, धुरा त्याचा, लिंबही कागदावर त्याचाच. वय सत्तरीला टेकलेलं, अंग शेंगेसारखं वाळलेलं, डोक्यावर टोपी. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. जवानीत नाल्यातल्या हातभट्ट्या फोडायला भजन मंडळाच्या पुढे टाळ घेऊन हाच. आणि शब्दाचा असा पक्का, की एकदा शेजाऱ्याला लग्नासाठी बैलजोडी देतो म्हणाला आणि त्याच दिवशी पेरणीजोगा पाऊस झाला, तर याची पेरणी राहिली, पण बैल वरातीत नाचले.

त्याची एक खोड मात्र सगळ्या गावाला माहीत होती. जेवताना मीठ कमी असो, जास्त असो, बरोबर असो, तो बायकोला म्हणायचा, “तुह्या पोह्यायपासूनच मले समजलं होतं.” रुख्माबाईला पाहायला तो गेला होता तेव्हा तिनं केलेले पोहे खारट होते, असं त्याचं म्हणणं. पाहुण्यांपुढे, सुनेपुढे, जावयापुढे त्यानं हे सांगितलं. रुख्माबाई कधी काही बोलली नाही. ती फक्त ताटात भाकर थोडी जोरानं ठेवी.

दुपारी नत्थूजी ठेल्याच्या बाकड्यावर येऊन बसे आणि अर्धा कप चहा घेई. गावचे सगळे चहाच घेत. तो डब्याचा खेळ रस्त्यावरच्या लोकांसाठी. त्यामुळे काय झालं, की नत्थूजीनं गिलास पाहिले ते बहुतेक नागपूरवाल्यांचे. कारच त्यांच्या जास्त थांबायच्या. दोन बोटं रिकामी, आणि तिथं दारू येते, एवढं त्याला ठाऊक होतं. इथंच राहणाऱ्या माणसाला पंचफुला कसा गिलास देते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि मग वैशाखातली ती दुपार आली.

नत्थूजीचा पोरगा सचिन याच्या डोक्यात ढाब्यानं घर केलं होतं. रंगीत लाइटा, टिनाचं शेड, समोर गाड्या लावायला मोकळी जागा. ती मोकळी जागा म्हणजे लिंब आणि लिंबाखालचा ठेला. “बाबा, जागा आपली हाय. पंचफुलाबाईले पोळ्याच्या आत उठाले सांगा,” असं तो रोज म्हणे. शेवटी नत्थूजी निघाला. काम मनाविरुद्ध, म्हणून जेवलाही नव्हता. ऊन डोक्यावर घेऊन तो आला आणि बाकड्यावर बसला.

“पंचफुला, मले तुह्याशी बोलाचं हाय.”

“बोला ना, नत्थूजी. पण तोंड पाहा तुमचं, मक्याच्या कणसावानी भाजलं. पयले घसा ओला करा.”

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बाबाराव बसले होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, पंचफुलाचे शेजारी. एकेकाळी ते दारूचे मोठे भक्त होते. आता सगळं सोडून फक्त आठवणी सांगत. त्यांनी नत्थूजीला सरकून जागा दिली.

पंचफुलानं डब्यात कवठ टाकलं, गूळ टाकला, आलं जरा जास्त, मिरपूड, काळं मीठ, बर्फ. बांगड्या वाजेपर्यंत डबा हलवला. ‘कोणीकडे चालले’ हे विचारायची गरज नव्हती. नत्थूजी कुठंच चालला नव्हता. वर्धा जिल्ह्यातला माणूस, वर्धा जिल्ह्यात बसलेला. तिनं वरून सोडा ओतून गिलास काठोकाठ भरला. इतका, की उचलता येईना. नत्थूजीनं वासरासारखं वाकून पहिला घोट तोंडानंच ओढून घेतला.

थंडगार. आल्यानं घसा चुरचुरला, सोड्यानं नाकात मुंग्या आल्या, मिरपुडीनं कान तापले. उपाशी पोटात ते खळखळत उतरलं. अर्धा गिलास संपला तेव्हा नागपूरची एक कार येऊन थांबली आणि पंचफुलानं तिच्यासाठी गिलास भरून फळीवर ओळीनं ठेवले. प्रत्येक गिलासात वर दोन बोटं रिकामं.

नत्थूजीनं त्या गिलासांकडे पाहिलं. मग आपल्या गिलासाकडे पाहिलं. त्याला तो वासरासारखा ओढलेला घोट आठवला.

“पंचफुला,” तो अगदी हळू म्हणाला, “मह्या गिलासात पुरं भरलं होतं का वं?”

“काठोकाठ! तुमाले कायले कमी देऊ?”

झालं. नत्थूजीच्या हिशेबानं ती दोन बोटं दारू त्याच्या पोटात गेली होती.

आतून काय काय होतंय ते त्यानं पाहिलं. कान गरम होते. डोकं हलकं होतं. जीभ झणझणत होती. आयुष्यभर दारुड्यांना रागावत आलेल्या माणसाला दारुड्याची सगळी लक्षणं पाठ असतात. ती एकेक करून अंगात येत गेली. जे आत गेलं ते आता बाहेर तर येत नाही, असा विचार करून त्यानं उरलेला गिलास संपवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बाबाराव,” तो म्हणाला, “तू लय चांगला मानूस हायस बे. मी तुले कधी म्हटलं नाई.”

“आज काय झालं?” बाबाराव दचकले.

“आज मी कोनाच्या बापाले भेत नाई!” असं म्हणून नत्थूजीनं एक भजन धरलं. दोन ओळी गायला, तिसरी विसरला आणि उभा राहिला. कारमधले नागपूरवाले काचा खाली करून पाहू लागले. “आयका सगळे! हे जागा पंचफुलाची हाय. मी हाय तोवर इची. मह्या मागं सचिननंही इले उठवाचं नाई. नत्थूचा शब्द हाय हा!”

आणि तो घराकडे निघाला. चालताना झोकांड्या खात होता, पण बाबाराव सांगतात, की ज्या बाजूला तोल जायचा त्या बाजूला तो आधी नीट पाहून घ्यायचा, गाडी येत नाही ना, आणि मगच तोल सोडायचा.

घरी गेल्यावर तो रुख्माबाईला काय बोलला ते तेव्हा कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माबाई नळावर पाणी भरताना गुणगुणत होती, एवढं मात्र बायकांनी पाहिलं.

इकडे सचिनच्या अंगाचा तिळपापड. “बाबा, काय बोलून आले तुमी चौफुलीवर?”

“बोलून बसलो,” नत्थूजी डोकं धरून म्हणाला. डोकं दुखत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी धरतात हे त्याला माहीत होतं. “आता शब्द मागं घेता येत नाई.”

“पण तुमी दारू पेलते ना?”

नत्थूजीनं मान वर केली.

“पेलेल्या मानसाच्या बोलन्याले कोनी धरते का? चाला ठाण्यात. पेलतो म्हणून सांगा. शब्दही तुटत नाई, जागाही सुटते.”

शुद्धीत शब्द मोडणं नत्थूजीला मरणासारखं होतं. पण आपण शुद्धीत नव्हतोच, ही वाट त्याला बरी वाटली. ज्या माणसानं टाळ वाजवत दारूबंदी केली, तो बंदीच्या जिल्ह्यात दारू प्यालो म्हणून स्वतःला पकडून द्यायला निघाला. धुतलेलं धोतर नेसून.

ठाण्यात जमादार होते. प्यालेले लोक ‘नाही प्यालो’ म्हणून शपथा घेतात, हे ऐकण्यात त्यांची नोकरी गेली. उलटा माणूस पहिल्यांदाच आला.

“साहेब, मले धरा. मी पेलो होतो.”

जमादारांनी नाक जवळ नेलं. “काका, कवठाचा वास येऊन राह्यला.”

“काल पेलतो.”

“कुठं?”

सचिन मध्ये पडला. बापाला कोठडी होऊ नये म्हणून त्यानं वाटेत एक युक्ती काढली होती. “साहेब, पेले ते नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत. तिकडे चालते ना. चढली इकडे येऊन.”

जमादारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे पेयाचं काम तिकडे, आणि नशा इकडे?”

“होय जी.”

“मंग तर नशेची वाहतूक झाली. बिनपरवाना.”

नत्थूजीला खोटं बोलणं जमेना. “नाई साहेब, इथिसाच पेलो. पंचफुलाच्या ठेल्यावर. काठोकाठ.”

मग सगळी वरात लिंबाखाली आली. जमादार, एक शिपाई, सचिन, नत्थूजी, आणि चौफुलीवरचे रिकामे लोक. पंचफुला शेगडीपाशी उभी होती. काय झालं ते कळल्यावर तिनं पदर खोचला. शिपायानं ठेला उलटापालटा केला. कवठं निघाली, गुळाची भेली निघाली, अंबाडीची वाळलेली बोंडं निघाली. बाटली निघाली ती रॉकेलची. फळीवर नागपूरच्या एका गाडीसाठी भरलेले गिलास होते. जमादारांनी एक उचलून उन्हात धरला.

“हे वरतं रिकामं काय हाय?”

“रिकामंच हाय, साहेब.”

“कशासाठी?”

“दारूसाठी.”

लोकांत कुजबुज झाली. शिपायानं घाईनं पंचनाम्याचा कागद काढला. “साहेब, काय लिवू? काय सापडलं?”

जमादारांनी गिलासाचा वास घेतला, बोटं लावून पाहिलं. “दोन बोटं... काहीच नाई, असं लिव.”

“जप्त करू?”

“काय जप्त करतं बे? खालचं सरबत कायद्याचं हाय. वरतं जे बेकायदा हाय, ते अजून आलंच नाई.”

पंचफुलानं मग आपला नियम सांगितला. नागपूरला कमी, हिंगणघाटाला भरून, चंद्रपूरला आधी भरून आता कमी, गडचिरोलीला पाऊचसकट. “आन् नत्थूजी इथलेच. म्हणून त्यायले काठोकाठ. काठोकाठ म्हणजे दारूले वावच नाई, साहेब. थेंबाचाही नाई.”

जमादारांनी हे दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा त्यांना पटलं. ते नत्थूजीकडे वळले. “आयकलं का काका? तुमच्या गिलासात दारू नव्हती. जा घरी.”

नत्थूजीचा चेहरा पडला. पोरानं मागून त्याच्या धोतराला ओढलं. “मले चढली होती,” नत्थूजी म्हणाला.

“दारू नव्हती तं चढली कशी?”

“ते मले काय मालूम? मी पयल्यांदाच पेलो.”

बाबारावांना राहवलं नाही. ते बाकड्यावरून उठले. “साहेब, या कामात मह्या हयातीचा अनुभव हाय. चढलेला मानूस गाडी पाहून तोल सोडत नाई. यायले खुशी झाली होती. ते सवय नसली का मानसाले झेपत नाई.”

“तुमी गप राहा, दादा!” सचिन उसळला. “बाबा सोता सांगून राह्यले ना, चढली होती म्हणून?”

जमादारांनी टोपी काढून घाम पुसला. “हे पाहा, काका. तुमी असंच म्हणत असान, तं मले तक्रार घ्या लागते. हे सगळे रस तपासाले पाठवा लागते. अहवाल येईस्तोवर ठेला बंद. आन् हे तपासाचं काम... येते आपलं हळूहळू.”

सचिनचा चेहरा उजळला. पंचफुला लिंबाच्या बुंध्याशी गेली आणि सुतळीच्या गाठीवर हात ठेवून उभी राहिली. अहवाल येईपर्यंत इथं शेडचे खांब उभे राहतील हे तिला दिसत होतं, आणि खांबांसाठी आधी काय पडेल तेही. ती नत्थूजीला म्हणाली, “नत्थूजी, तुमी खरं जे असन ते सांगा. मी काही म्हणत नाई.”

नत्थूजी तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दी दुभंगली. रुख्माबाई आली होती. उन्हात चालून आलेली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकर. नवरा पुन्हा न जेवता निघाला होता, म्हणून ती मागून आली होती. तिनं भाकर बाकड्यावर ठेवली. जोरानं.

“काय सुरू हाय हे?”

“आई, तू घरी जा,” सचिन म्हणाला. “बाबा सांगून राह्यले का ते काल नशेत होते. नशेतलं बोलनं काही खरं नसते.”

“काहीच खरं नसते?”

“काहीच नाई.”

रुख्माबाई नवऱ्याकडे वळली. आमच्या गावात तिचा आवाज कोणी मोठा ऐकला नव्हता. तेव्हाही तो मोठा नव्हता, पण ट्रकच्या भोंग्यातही ऐकू आला.

“मंग पोह्यायचं काय?”

नत्थूजी टोपीशी चाळा करू लागला.

“कोणते पोहे, बाई?” जमादारांनी विचारलं.

“साहेब, हे मले पाहाले आलते तवा मी पोहे केलते. खारट झालते म्हणून यायनं मले सारी जिंदगी आयकवलं. जावयापुढं आयकवलं. काल घरी आले, माचोलीवर बसले आन् म्हणते कसे, रुख्मे, पोहे खारट नव्हते वं. तुह्याकडे पाहून मले काही सुचत नव्हतं, काही तरी बोलाचं म्हणून मी खारट म्हणून गेलो, आन् मंग बदलता आलं नाई.” तिनं पदर सारखा केला. “आता तुमीच लिवा साहेब. हे नशेत असन, तं पोहे खारट. शुद्धीत असन, तं पोहे बरोबर. काय ते एक लिवा. मी उभी हाय.”

नागपूरच्या गाडीतले लोक उतरून पुढे येऊन उभे होते. शिपायानं पेन कागदावर टेकवलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नत्थूजीकडे पाहिलं. सचिन कानाशी लागला, “बाबा, जागा जाईन हा.”

नत्थूजीनं टोपी डोक्यावर ठेवली. काढली. परत ठेवली. त्यानं लिंबाकडे पाहिलं, भाकरीच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि रुख्माबाईकडे पाहायचं सोडून बाकी सगळीकडे पाहिलं. शेवटी तिच्याकडेही पाहिलं.

“पोहे बरोबर होते,” तो म्हणाला.

“मोठ्यानं सांगा.”

“पोहे बरोबर होते! मीठ, हळद, लिंबू, समदं बरोबर. मी पेलो नव्हतो.”

“म्हणजे जागा?” जमादारांनी विचारलं.

“जागाबी पंचफुलाचीच. एकाच तोंडानं बोललो, तं एक खरं आन् एक खोटं कसं होईन?”

सचिननं कपाळावर हात मारला. शिपायानं कागद फाडून खिशात घातला. बाबाराव टाळ्या वाजवू लागले. पंचफुला सुतळीवरचा हात काढून शेगडीपाशी आली, डब्यात कवठ टाकलं आणि हलवायला लागली. आधी तिचे हात कापत होते म्हणून डबा हलत होता, मग ती हलवत होती म्हणून.

तिनं गिलास जमादारांपुढे धरला. “कोणीकडे चालले, साहेब?”

“ठाण्यात.”

तिनं आणखी घातलं. जमादारांनी तो काठोकाठ गिलास दोन्ही हातांनी धरला, वाकले, घोट घेतला आणि थांबले. कान लाल झाले होते. “बाई,” ते हळूच म्हणाले, “नक्की काही नाई ना?”

त्या वर्षीच सचिनचा ढाबा झाला, पण रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं. रंगीत लाइटा लागतात. त्याची गिऱ्हाइकं जेवून झाल्यावर रस्ता ओलांडून लिंबाखाली येतात, आणि त्यांना आधी सांगावं लागतं, कोणीकडे चालले ते.

नत्थूजी पुन्हा अर्ध्या कप चहावर आला. दारूबंदीबद्दलचं त्याचं मत तेच आहे. पण घरात त्याचा स्वभाव कुरकुरा झाला, भाजीत काही तरी निघायला लागलं, दोन दिवस तो तोंड फुगवून बसला, की रुख्माबाई त्याच्या हातात टोपी देते आणि म्हणते, “जा, जामले जाऊन एक गिलास पेऊन या.” तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच ती फोन लावते.

“पंचफुला वं, आले पाहा आमचे. काठोकाठ भरजो, माय. आलं जास्त टाकजो.”